चांदीचा साका

रघुनाथच्या दुकानातला फोटोचा कागद संपला तो सत्तावनच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि नेमका अशा वेळी संपला की गावात जो तो फोटो काढायला निघाला होता.

नवं राज्य होऊन चार-पाच महिने झाले होते. साठ मैलांवरचं नागपूर मुंबई राज्यात गेलं. पांढुर्णा आणि सौंसर मध्यप्रदेशातच राहिले, आणि राजधानी एकदम भोपाळला जाऊन बसली. कचेऱ्यांतले आणि शाळांतले कितीतरी लोक इकडे की तिकडे या घोळात होते. कोणी बदली मागून घेऊन नागपूरकडे चालला होता, कोणाला जबलपूरचा हुकूम आला होता. जाणाऱ्याला राहणाऱ्यांबरोबर एक फोटो हवा असे, आणि राहणाऱ्यांनाही त्याची एकेक प्रत हवी असे. पांढुर्ण्याच्या स्टेशनरोडवर फोटोचं दुकान एकच, रघुनाथचं. काचेच्या प्लेटा त्याच्याकडे दोन पेट्या भरून होत्या. छापायला कागद तेवढा नव्हता. नागपूरच्या व्यापाऱ्याचं कार्ड आलं, ‘परदेशी माल येणे बंद आहे, वाट पाहावी.’

वाट किती दिवस पाहणार? रघुनाथनं आपली जुनी वही काढली. नागपूरला उमेदवारी केली तेव्हा त्याच्या उस्तादानं सांगितलेलं त्यात लिहून ठेवलं होतं. पूर्वी फोटोवाले कागद घरीच करत. जाड कागदाला नवसागराचं पाणी पाजायचं, वाळवायचा, मग अंधाऱ्या खोलीत त्यावर चांदीच्या क्षाराचं पाणी फिरवायचं. दोन्ही पाण्यांची कागदातच गाठ पडते, आणि जो पांढरा साका, म्हणजे गाळ, धरतो तो उन्हात काळा पडतो. कृती चार ओळींची होती. सिल्व्हर नायट्रेटची एक जुनी शिशी कपाटात होती. रघुनाथनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, शिशीतले खडे त्यात टाकले, आणि बघता बघता पाणी ताकासारखं झालं.

तो त्या ग्लासाकडे पाहत बसला असताना देवका चहा घेऊन आली.

देवका त्याची थोरली बहीण. वर्षापूर्वी तिचा नवरा वारला. सौंसरला सराफओळीत त्याचं दुकान होतं, ते दिरांनी ताब्यात घेतलं, आणि मूलबाळ नसलेली देवका एक ट्रंक घेऊन भावाकडे राहायला आली. घरात ती फार बोलत नसे. पहाटे उठून मनकर्णाच्या, म्हणजे भावजयीच्या, बरोबरीनं कामाला लागे.

“विहिरीचं पाणी घेतलं का?” तिनं दारातूनच विचारलं.

“मग काय गंगेचं घेऊ?”

“चांदी पाण्यातच बसली तुही. आता कागदाले काय लावशीन? विहिरीच्या पाण्यात खार असते. याले वाफेचं पाणी लागते.”

रघुनाथनं ग्लास बाजूला सारला. 

त्यांचे वडील दादाजी पांढुर्ण्यातले नावाजलेले सोनार. देवका सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या भट्टीशी बसायची. तेजाबात चांदी विरघळवणं, मिठाच्या पाण्यानं ती पुन्हा खाली बसवणं, रस कोणत्या रंगाला आला की मूस उचलायची, हे सगळं ती पाहून पाहून शिकली. रघुनाथला समोर बसवून शिकवलं, तरी सांधताना त्याच्या हातून डाग कमी पडायचा नाही तर जास्त. दादाजी गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणायचे, “पोराचा हात जड, पोरीचा हलका. देवानं वाटताना अदलाबदल केली.” गिऱ्हाइकं हसायची. रघुनाथही हसायचा. तेराव्या वर्षी देवकाचं लग्न झालं तेव्हा घरात सगळे रडले, आणि त्याला एकट्यालाच आतून हलकं वाटलं. पुढे सतराव्या वर्षी त्यानं भट्टी सोडली आणि नागपूरला कॅमेऱ्याच्या मागे गेला. तिथं त्याची तुलना कोणाशी होणार नव्हती.

आणि आता ती त्याच्याच दुकानात उभी राहून सांगत होती, पाणी चुकलं म्हणून.

तिनं पितळी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, आत एक वाटी ठेवली, वर थंड पाण्यानं भरलेलं खोलगट झाकण उलटं घातलं. दोन तासांत वाटीभर वाफेचं पाणी साचलं. पण शिशीतली चांदी तर आधीच वाया गेली होती. देवका आत गेली, ट्रंक उघडली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या आपल्या तोरड्या घेऊन आली. चांगल्या भरीव, अर्ध्या शेराच्या.

“ताई, हे नको,” रघुनाथ म्हणाला.

“पायात घालून आता कुठं मिरवू? पेटीत काळ्या पडून राहिल्या.”

तेजाबात तोरडी विरघळली तेव्हा पाणी निळं झालं. “तांबं आहे,” देवका म्हणाली. “सासरच्या दुकानात मोडून नव्या केल्या, तेव्हा किती तांबं घातलं ते आज समजलं.” तिनं त्यात मिठाचं पाणी ओतलं. निळ्या पाण्यात दह्यासारखा पांढरा साका धरला आणि तळाशी बसला. तांबं वर पाण्यातच राहिलं, ते तिनं ओतून दिलं. साका सात वेळा धुतला, सोड्याबरोबर मुशीत घालून वितळवला, आणि चांदीची गोळी बाहेर काढली. ती गोळी पुन्हा तेजाबात टाकली. या वेळी पाणी पाण्यासारखंच राहिलं. ते आटवून तिनं पांढरे खडे केले.

रघुनाथ बाजूला उभा राहून तिला पुस्तकातलं सांगत होता. हे सिल्व्हर नायट्रेट. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. दोन्ही एकत्र आले की जोड्या बदलतात. चांदी नवसागरातलं क्लोराइड घेऊन खाली बसते आणि उरलेले दोघं एकमेकांना धरून पाण्यात राहतात. देवका मान डोलावत होती, हात थांबवत नव्हती.

पहिला फोटो त्यांनी मनकर्णाच्या जुन्या काचेच्या प्लेटवरून छापला. शाळेच्या ड्रॉइंगचा जाड कागद घेतला होता. देवकानं नवसागरात थोडी तवकिराची खळ घातली होती. ती म्हणाली, नाहीतर चांदी कागदात खोल बुडून जाईल. अंगणात ऊन होतं. चौकटीत काच आणि कागद दाबून ठेवला आणि दहा मिनिटांत कागद जांभळट होत होत तपकिरी झाला. धुऊन, फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून वाळवल्यावर मनकर्णाचा चेहरा वाळल्या मोहाच्या फुलासारख्या तांबूस रंगात उमटला. मनकर्णा तो हातात घेऊन उन्हात गेली, सावलीत आली, पुन्हा उन्हात गेली.

“मी अशी दिसते?” ती म्हणाली. “ताई, तुमच्या हाताले काय जादू आहे हो!”

काच रघुनाथनं घेतली होती, सहा वर्षांपूर्वी, याच दुकानात. उजेड त्यानं लावला होता. हनुवटी जरा वर कर असं त्यानंच सांगितलं होतं.

महिन्याभरात गावभर झालं. काळे-पांढरे फोटो सगळ्यांनीच पाहिले होते. हे तांबूस फोटो कोणी पाहिले नव्हते. लोक तिगावहून येऊ लागले. दुकानात शिरले की रघुनाथला नमस्कार करत आणि आतल्या पडद्याकडे पाहत विचारत, “देवकाबाईच छापतात ना?” एका वकिलानं तर रघुनाथच्या तोंडावर सांगितलं, “छापताना बाईंना जरा स्वतः लक्ष घालायला सांगा.” रघुनाथ कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घाली आणि तिथं, कोणी पाहत नसताना, दात आवळी.

त्यानं स्वतः कागद करून पाहिला. तीच बाटली, तीच खळ, तोच ब्रश. त्याच्या कागदावर पट्टे उमटत. कधी ठिपके पडत. एकदा बरा आला, तर उन्हातून काढायला उशीर झाला आणि चेहरा काळवंडला. देवका मात्र स्वयंपाकघरातून हात पुसत येई, चौकटीची मागची फळी अर्धी उघडून एक नजर टाकी आणि म्हणे, “अजून थोडं,” किंवा, “काढ आता.” कधी चुकली नाही. तिच्या बोटांची टोकं चांदीनं काळी झाली होती, आणि गावातल्या बायका ती काळी बोटं कौतुकानं पाहत.

रघुनाथनं मग एक केलं. नवसागराची बरणी, हायपो, तेजाब, सगळं आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. “विषारी वस्तू आहेत, घरात अशा उघड्या नको,” असं सांगितलं. किल्ली कमरेला. रोज सकाळी तो देवकाला लागेल तेवढा नवसागर तोलून देई. चांदीच्या पाण्याची काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली तेवढी अंधाऱ्या खोलीतल्या फळीवर राही, कारण ती सारखी लागे.  देवका सकाळी वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी राही. तिला तसं उभं पाहून त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं याची लाजही वाटे. पण कुलूप त्यानं काढलं नाही.

एप्रिलमध्ये सौंसरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर बापूजी आले. बापूजी पांढऱ्या टोपीतले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्या शाळेतले चार मास्तर नव्या वाटणीत विदर्भाकडे निघाले होते. रघुनाथनं सौंसरला जाऊन सगळ्यांचा फोटो घेतला होता. त्याच्या तीस प्रती शनिवारच्या निरोपसमारंभाला हव्या होत्या. बापूजींनी नमुन्याची प्रत पाहिली, बराच वेळ पाहिली.

“रघुनाथराव, एक विनंती आहे. शनिवारी सकाळी देवकाबाईंना आमच्या शाळेत आणाल का? वरच्या वर्गाच्या मुलांना हा साका कसा धरतो, फोटो कसा उमटतो ते त्यांनी दाखवावं. आमची मुलं पुस्तकात वाचतात, पाहत काही नाहीत.”

“तिले इंग्रजी नावं माहीत नाहीत,” रघुनाथ म्हणाला.

“नावं सांगायला आमचे सायन्सचे मास्तर आहेत. हात त्यांच्याकडे नाहीत.”

पंधरा वर्षं रघुनाथ सौंसरच्या शाळेत फोटो काढायला जात होता. त्याला कोणी कधी वर्गात बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. देवका आणि मनकर्णा पिशव्या घेऊन गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रघुनाथ अंधाऱ्या खोलीत गेला तो प्लेटा मोजायला. फळीवर बाटली होती, तीस फोटोंना पुरेल एवढी भरलेली. त्यानं काळा कागद सोडवला. लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात पाणी स्वच्छ दिसत होतं. मग त्यानं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, बरणीतून मूठभर नवसागर घेतला आणि बाटलीत टाकला.

पाण्यात पांढरे ढग उतरले. एकावर एक, गर्द. बाटली हलवली तशी त्यांची दह्यासारखी कवडी झाली आणि तळाला बसू लागली. क्षणभर रघुनाथच्या छातीत इतका गारवा पडला की कितीतरी वर्षांत पडला नव्हता. त्यानं बूच लावलं, कागद गुंडाळला, कपाटाला कुलूप घातलं आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की तीस प्रती शनिवारी द्यायच्या आहेत आणि पावती आपल्या नावानं फाडलेली आहे.

संध्याकाळी देवकानं बाटली उघडली.  ती बाटली घेऊन अंगणात आली आणि ओट्यावर ठेवून नुसती पाहत राहिली. उजेडात साका जांभळट पडू लागला होता.

मनकर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, माह्या हातूनच झालं असन. परवा कुरडयांसाठी मिठाचं पाणी गाळलं, तेच फडकं मी त्या फळीवर वाळत टाकलं होतं. त्याचंच पाणी आत गेलं असन!” ती रडायला लागली. “तुमच्या तोरड्या होत्या त्या, ताई!”

रघुनाथ खांबाला टेकून उभा होता. बोलायला हीच वेळ होती.  पण तो म्हणाला, “किती वेळा सांगितलं, त्या खोलीत घरचं काही नेत नका जाऊ म्हणून.”

देवकानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाटलीकडे. साका खाली बसला होता, वर नितळ पाणी आलं होतं. तिनं कमरेची तंबाखूची पिशवी काढली, डबीतला चुना तळहातावर घेतला, त्यावर बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठ्यानं मळलं. हात नाकाशी नेला. तिचे डोळे पाणावले. हात धुऊन ती मनकर्णाजवळ बसली.

“रडू नको. तुह्या मिठानं नाही झालं हे.”

“मग कशानं?”

“ते जाऊ दे. चांदी कुठं पळाली नाही, खाली बसली फक्त. मी काढतो परत.” जुन्या घरातल्या बायकांसारखी ती कधी कधी ‘काढतो’, ‘करतो’ म्हणे.

पण शनिवार कसा गाठणार? दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, बापूजींचा माणूस चौकशीला आला. रघुनाथ काय सांगावं याची जुळवाजुळव करत होता, तोच देवका बाहेर आली. “हेडमास्तरांना सांगा, माझ्या हातून बाटलीत खार पडला. प्रती सोमवारी देईन. शनिवारी मुलांना दाखवायला तेवढी येते.” तो माणूस सायंकाळच्या मोटारीनं परत आला तो बापूजींची चिठ्ठी घेऊन: ‘देवकाबाईंनी वाईट वाटून घेऊ नये. मास्तर मंडळी सोमवारपर्यंत थांबतील. चूक कबूल करणारी माणसं दुर्मिळ.’

ती चिठ्ठी वाचून रघुनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. पाप त्याचं, आणि त्यातूनही मोठेपणा तिच्याच पदरात!

शुक्रवारी दुपारी देवका मागच्या अंगणात शेगडी पेटवून बसली होती. मुशीत साका आणि सोडा. रघुनाथ जाऊन समोर उभा राहिला.

“ताई, मनकर्णेचा दोष नव्हता.”

“माहीत आहे मले.”

“कसं?”

“मीठ असतं तर चुन्यात मळून वास नसता आला. नवसागर असला की चुना त्यातली वाफ हुसकून काढते आणि नाक जळते. दादाजींनी शिकवलं होतं ते.” ती फुंकणीनं निखारे फुलवत राहिली. “नवसागर तुह्या कपाटात. किल्ली तुह्या कमरेले.”

रघुनाथनं कमरेची किल्ली चाचपली.

“मग बोलली का नाही? त्या माणसापुढं स्वतःवर का घेतलं?”

“तुह्यासाठी घेतलं असं समजू नको,” देवका म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “तुहं दुकान बुडालं तर मी कुठं जाऊ? दिरांकडे? तुह्या घरात खाऊन राहिली मी. आणि राग नाही आला असंही समजू नको. त्या माह्या तोरड्या होत्या, रघू. लग्नात आईनं घातलेल्या. बाटली तुह्या डोक्यात घालावी वाटली मले.”

रघुनाथ खाली बसला. “मले सहन होत नाही, ताई. लहानपणापासून होत नाही. प्रत्येक गोष्ट तुह्याच हाताले येते.”

देवका हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “माह्या हाताले? अरे, लग्न झाल्यावर एकतीस वर्षं मले त्या घरात भट्टीजवळ येऊ दिलं नाही कोणी. बाईनं शिवलं तर सोनं हलकं होते म्हणत. नवऱ्याचा रस बिघडायचा, मले आतल्या खोलीत वासावरून समजायचं, आणि मी पोळ्या लाटत बसायची. तू नागपूरले निघाला त्या दिवशी मी माहेरी आली होती, आठवते? सगळे तुले पोहोचवायले स्टेशनवर गेले. मी पण आली. आणि मनात काय म्हणून राहिली होती माहीत आहे? याची गाडी चुकू दे. नुसती एकदा चुकू दे.”

रघुनाथला ते स्टेशन आठवलं. त्या दिवशी तिनं त्याच्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली होती. तिचे डोळे भरलेले होते. तो इतकी वर्षं समजत होता, मायेनं.

“मनकर्णेले तू सांग,” देवका म्हणाली. “ते मी नाही सांगणार.”

त्यानं त्याच संध्याकाळी मनकर्णाला सांगितलं. ती चिडेल, रडेल असं त्याला वाटलं होतं.  पण पुढचे आठ-दहा दिवस ती ताट वाढून समोर ठेवी आणि निघून जाई. ‘अजून हवं का’ हे तिनं विचारलं ते पुढच्या अमावास्येनंतर.

शनिवारी रघुनाथ देवकाला घेऊन सौंसरला गेला. वर्गात चाळीस मुलं आणि मागच्या बाकावर सहा मुली होत्या. देवकानं डोक्यावरचा पदर घट्ट केला, दोन ग्लास पुढं ठेवले. “हे पाहा, दोन्ही पाणीच दिसते,” ती म्हणाली, आणि एकातलं दुसऱ्यात ओतलं. पांढरा साका धरला तशी मुलं उभी राहिली. एका मुलीनं विचारलं, “असं का होतं?” सायन्सचे मास्तर तोंड उघडणार तोच देवका म्हणाली, “ते माझा भाऊ सांगेल. त्यानंच मला सांगितलं.”

रघुनाथ उठला. त्यानं फळ्यावर चार नावं लिहिली, मधून दोन तिरप्या रेघा मारल्या आणि कोण कोणाला सोडून कोणाकडे जातो ते समजावलं. चांगलं समजावलं. तिनं हे उदारपणानं केलं की आपल्याला लाजवायला, हे त्याला कळेना. मुलं शांत ऐकत होती. पण थोड्या वेळानं अंगणात चौकट उघडली आणि कागदावर शाळेची इमारत उमटलेली दिसली, तेव्हा सगळी मुलं देवकाभोवती जमली, आणि हातात खडू घेतलेला रघुनाथ व्हरांड्यात एकटा उरला. त्यानं खडू खिशात टाकला.

परत निघताना बापूजींनी त्याला बाजूला घेतलं. जूनपासून शाळेत विज्ञानाची नवी शाखा निघत होती. प्रयोगशाळेतल्या बाटल्या, क्षार, भांडी जाणतेपणानं सांभाळणारं माणूस हवं होतं. देवकाबाई चौथी शिकलेल्या आहेत, तेवढं पुरे. शाळेच्या आवारात राहायला एक खोलीही होती. “तुमची परवानगी असेल तर,” बापूजी म्हणाले.

मोटारीत रघुनाथनं देवकाला सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या.

“तू काय म्हणतो?” तिनं विचारलं.

नको म्हणावं असं त्याला वाटलं. माझ्या दुकानाचं काय, असं म्हणावं असं वाटलं. ती गेली तर बरं होईल, असंही वाटलं, आणि शाळेत तिला बाई म्हणतील, मुलं नमस्कार करतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि ते सोसवेना. हे सगळं एकाच वेळी.

“अर्ज मी लिहून देतो,” तो म्हणाला. “माहं अक्षर बरं आहे.”

तीस प्रती सोमवारी पोहोचल्या, आणि जूनमध्ये देवका गेली. रघुनाथनं तिची ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली आणि गाडी हलेपर्यंत थांबला. परत आला तेव्हा दुकान त्याचं एकट्याचं होतं. कपाटाचं कुलूप त्यानं काढलं, आता कोणासाठी लावायचं? दिवाळीच्या सुमारास नागपूरहून थोडा कागद आला, आणि फोटो पुन्हा काळे-पांढरे निघू लागले. लोकांनी घेतले. थोडे दिवस ‘बाई कुठे गेल्या’ असं विचारत. तो सांगे, “सौंसरला, हायस्कुलात.” सांगताना आवाज किंचित वर जाई, तो त्याला स्वतःलाच ऐकू येई.

माघात रामाकोन्याचा एक शेतकरी आला. भिवाजी त्याचं नाव. त्याची आई फार थकली होती. “तो तांबूस फोटो पाहिजे,” तो अडून बसला. “काळा नको. काळ्यात ती मेल्यासारखी दिसते.” रघुनाथनं म्हातारीचा फोटो घेतला आणि देवकाला पत्र लिहायला बसला. ‘ती. ताईस’ एवढं लिहून बराच वेळ लेखणी हातात धरून राहिला. शेवटी एवढंच लिहिलं, की नवसागर पाजलेले सहा कागद आणि चांदीचं थोडं पाणी पाठव, गिऱ्हाईक ऐकत नाही.

चौथ्या दिवशी मोटारीच्या कंडक्टरनं काळ्या फडक्यातलं पुडकं आणून दिलं. कागद आठ होते. बरोबर देवकाच्या मोठ्या, सुट्या अक्षरातली चिठ्ठी होती. शाळेतलं सगळं ठीक आहे, मुली साका करायला शिकल्या, मनकर्णेला विचारल्याचं सांग. आणि खाली: ‘कागद दोन जास्त घातले आहेत, तुझ्या हातून बिघडतात म्हणून.’

रघुनाथचे कान तापले. चिठ्ठी त्यानं चुरगळली, मग उलगडून खिशात ठेवली. अंधाऱ्या खोलीत जाऊन ब्रश उचलला आणि श्वास रोखून पहिल्या कागदावरून चांदीचं पाणी फिरवलं. हात जरा जडच पडला. मधोमध पट्टा उमटला. दुसऱ्याला त्यानं हात सैल सोडला. तिसऱ्याला आणखी सैल. दुपारभर तो अंगणात चौकटीपाशी उकिडवा बसून राहिला, फळी अर्धी उघडून पाहत, बंद करत. मनकर्णा दारात येऊन उभी राहिली.

“झाले का?” तिनं विचारलं.

“सात झाले,” रघुनाथ म्हणाला. “एकच बिघडला. ताईले लिहून कळव.”